वाळूची बादली आणि सातवं दाभण

मी बादली बोलतेय. लाल, वीस लिटरची. माझ्या पोटावर ऑइलपेंटनं 'आग' असं लिहिलेलं आहे. लिहायचं होतं 'आग विझवायची वाळू', पण लिहिणारीनं पहिली दोन अक्षरं एवढ्या जोशात काढली की बाकीच्यांना जागाच उरली नाही. त्यामुळे नवं गिऱ्हाईक दुकानात शिरलं की आधी ते वाचतं, मग माझ्यात डोकावतं, आणि वाळू दिसली की थोडं नाराज होतं.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथं मिनिटाला चाळीस बादल्या जन्मतात, आणि आईचं नाव विचारलं तर सगळ्या एकाच साच्याचं सांगतात. पोटात आकाशी डिस्टेंपर घेऊन मी सावली गावच्या मिथुन पेंटरकडं आले. अर्धा रंग शाळेच्या भिंतीला लागला, अर्धा मिथुनच्या सदऱ्याला. रिकामी झाले त्या पावसाळ्यात वैनगंगेच्या पुरात सापडले. माझ्यात दोन कोंबड्या चढून बसल्या. चार कोस वाहत गेलो. काठाला लागलो तेव्हा उतरल्या तीन. तिसरी कुठून आली ते मला विचारू नका. मी बादली आहे, तलाठी नाही.

मिथुन शोधत आला आणि मला घरी घेऊन गेला. पुढं 'गफ्फार गादी भांडार' अशी पाटी रंगवायला तो मला घेऊन बाजारओळीत गेला आणि येताना विसरला. तेव्हापासून मी इथली.

हे घर म्हणजे खाली दुकान, वर दोन खोल्या. वरून खाली यायला एकच लाकडी जिना, अकरा पायऱ्यांचा, आणि तो उतरतो थेट दुकानात. दुकानात कापूस पिंजायची मशीन, कापसाचे ढीग, भरलेल्या गाद्या, न भरलेल्या खोळी. भिंतीवर कापूस, पंख्यावर कापूस, गफ्फारभाऊंच्या भुवयांवर कापूस. एकदा एक पाहुणा दारातच शिंकला, तर समोरची भिंत पांढरी होती ती निळी निघाली. असं हे घर. बिडी ओढणाऱ्याला गफ्फारभाऊ दुकानाच्या पायरीवरही उभं राहू देत नसत. आगीची तयारी म्हणून त्यांनी आयुष्यात केलेली ती एवढीच गोष्ट.

बाकीची तयारी केली आफ्रीननं. ही त्यांची मुलगी, गडचिरोलीच्या कॉलेजात शिकते. तिथं आगी-पुरातून जीव कसा वाचवायचा याचं आठ दिवसांचं शिबिर झालं आणि ती घरी आली ती आमच्या घराकडं परक्या नजरेनं बघत. संध्याकाळी तिनं घरच्यांना गोळा केलं.

"अब्बा, आग लागली तर आपण बाहेर कसं निघाचं?"

"दारातून," गफ्फारभाऊ म्हणाले.

"आन दारासमोर हा कापूस जळून राह्यला असन तर?"

गफ्फारभाऊंनी ढिगाकडं पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी त्या कापसाकडं गादी म्हणूनच पाहिलं होतं.

मला लाल रंग लागला तो त्याच दिवशी. नदीची वाळू भरून मला जिन्याच्या पायथ्याशी बसवलं. समोर शकुबाईच्या चहाच्या टपरीवर देवरावभाऊ बसलेले असतात. ताडोबाच्या जंगलात तीस वर्षं त्यांनी वणवे विझवले, आता चहा संपवतात. आफ्रीननं त्यांना बोलावलं. ते दुकानात फिरले, एकदा वर बघितलं, एकदा खाली.

"जंगलात आमी जाळरेषा काढतो," ते म्हणाले. "उन्हाळ्याच्या आधी पट्टा साफ. पान नाई, काडी नाई. आग येते, पट्ट्याजोळ थांबते, तिले खायले काई भेटत नाई. तुमीबी काढा."

आफ्रीननं जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून दारापर्यंत तीन फूट रुंद पट्टा आखला, दोन्ही कडांना लाल रेघ. या पट्ट्यात कापसाचा पुंजकाही पडता कामा नये. मग तिनं नियम सांगितले. धूर दिसला की ज्याला दिसला त्यानं "बाहेर" म्हणून ओरडायचं. हातात काही घ्यायचं नाही. समोरच्या हापशीजवळ उभं राहायचं, गिनती करायची. आणि गिनती झाल्यावर मागं वळायचं नाही, मग आत काहीही राहिलेलं असो.

पहिली तालीम रविवारी सकाळी झाली. चौदा मिनिटं लागली. गफ्फारभाऊ निघाले डोक्यावर नवी गादी घेऊन. जरीनाबाई, म्हणजे आफ्रीनची आई, पापडाची टोपली आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन. समोरून शकुबाईनं विचारलं, "काऊन जरीनाबाई, घर खाली करून राह्यले का?"

आणि दादी आलीच नाही.

दादी म्हणजे गफ्फारभाऊंची आई. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. वरच्या खोलीतून ती वर्षात दोनदा उतरते, दोन्ही ईदला, आणि तेही दोघांनी धरल्यावर. आफ्रीन वर गेली तेव्हा ती पान लावत होती.

"दादी, आग लागली न."

"लागू दे. वर जायाले जिना नाई लागत."

 आफ्रीन खाली येऊन माझ्या शेजारच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ जिना मोजत राहिली, जणू पायऱ्या कमी भरतील. त्या दिवशी मला कळलं की ही सगळी रंगरंगोटी कोणासाठी चालली आहे.

उपाय तिलाच सुचला. शिबिरात आजाऱ्याला चादरीवर घेऊन ओढत नेतात. चादर आमच्याकडं कशाला, आमच्याकडं गाद्या आहेत. पातळ, लांबट गादी, दोन्ही बाजूंनी पट्टे. दादीला त्यावर बसवायचं, पट्टे बांधायचे, आणि पायऱ्यांवरून घसरवत खाली. गफ्फारभाऊंनी संध्याकाळी शिवून टाकली. दादीनं गादीचा कोपरा दोन बोटांत चुरला.

"यात झाडलेली रुई भरली तुनं."

"अम्मा, आगीत कोन पाह्यते?"

"सारी बाजारओळ पाहीन. तुझ्या बापाची बायको झाडलेल्या रुईवर घसरत आली, असं म्हनन शकी. नाई येत मी."

मग देवरावभाऊंनी ताडोबाजवळच्या मोहर्ली गावाहून काटेसावरीचा कापूस मागवला. रेशमासारखा, इतका हलका की पोतं उघडलं तर मोजायच्या आत अर्धा मोहर्लीला परत जातो. गफ्फारभाऊंनी चार दिवस लावून गादी केली. टाके असे की मुंगीलाही रांगेत चालावं लागावं. दादी पहिल्यांदा घसरली तेव्हा डोळे मिटून होती. दुसऱ्यांदा एक उघडा. तिसऱ्यांदा म्हणाली, "जरा हळू धरा, जोरात सोडा." चौघं हापशीजवळ पोचली तेव्हा पावणेदोन मिनिटं झाली होती. गादी वर खुंटीला टांगली गेली आणि आफ्रीन निर्धास्त कॉलेजला परतली.

आता माझ्याबद्दल. लाल रंगाची वस्तू माणसाला पहिले आठ दिवस दिसते. नंतर ती भिंत होते. जरीनाबाईंनी माझ्या वाळूत कोथिंबीर लावली. मांजरानं जे करायचं ते केलं. आणि गफ्फारभाऊ माझ्यात दाभणं खोचू लागले. दाभण म्हणजे गादीला टाके घालायची वीतभर लांब सुई. वाळूत राहिली की गंजत नाही, टोकही लखलखीत राहतं. घरात अशी सात.

आणि ही सात रोज मोजायची. हा गफ्फारभाऊंच्या वडिलांचा नियम. त्यांच्या काळात एका आंदणाच्या गादीत दाभण राहून गेलं. नवरदेव त्यावर बसला आणि असा उठला, की म्हणतात, तो खाली येईपर्यंत पंगतीची दुसरी वाढ झाली होती. तेव्हापासून दाभणं मोजल्याशिवाय शटर पडत नाही. मोजायचं काम जरीनाबाईंचं. "सात," त्या म्हणायच्या, आणि वरून दादी विचारायची, "किती?" "सात, अम्मा." मग दादीचा पानाचा डबा बंद झाल्याचा आवाज यायचा.

एप्रिल उजाडला. लग्नसराई आली. आमच्याकडं लग्नसराई म्हणजे गाद्या, कारण आंदणात गादी नसेल तर मुलीचा बाप मांडवात मान खाली घालून फिरतो. आधी एक गादी जाळरेषेत आली, "फक्त दुपारपर्यंत". मग तिला सोबत म्हणून दुसरी. आठवड्याभरात चौदा. लाल रेघा कुठं गेल्या ते मलाच दिसेना, आणि मी तर त्यांच्या शेजारी बसलेली.

आणि मग शकुबाई आली. तिच्या भाचीचं, रंजीताचं लग्न, वऱ्हाड दुसऱ्या दिवशी निघणार, आणि आंदणात एक गादी कमी.

"गफ्फारभाऊ, एक द्या हो. पोरगी का सासरी चटईवर झोपन?"

तयार गाद्या सगळ्या दुसऱ्यांच्या नावच्या. गफ्फारभाऊंनी डोकं खाजवलं, वर बघितलं, पुन्हा खाजवलं. मग वर जाऊन खुंटीवरची काढून आणली. पट्टे उसवले. शकुबाईनं हात फिरवला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती मऊ.

जरीनाबाई म्हणाल्या, "आन अम्माची?"

"उद्या दुसरी करतो. एका दिवसात का आग लागते?"

माझ्या पोटावर काय लिहिलंय ते त्यांनी त्या वेळी वाचायला हवं होतं.

दोन आठवडे झाले. उद्या काही उजाडला नाही. आफ्रीन परीक्षेच्या सुट्टीत घरी आली ती पुस्तकात डोकं घालूनच; रेघा झाकल्यात, खुंटी रिकामी आहे, हे तिनं पाहिलं नाही आणि तिला कोणी सांगितलंही नाही. दादीला माहीत होतं. पण घरची गादी नवरीला दिली म्हणून तिला मनातून बरंच वाटत होतं.

त्यातल्या एका संध्याकाळी गिऱ्हाइकांची रांग होती. जरीनाबाई खोळी शिवत होत्या. गफ्फारभाऊ म्हणाले, "दाभणं उद्या मोजू." वरून दादीनं विचारलं, "किती?" गफ्फारभाऊ घाईत म्हणाले, "सात."

माझ्यात सहा होती. मी मोजली. मला दुसरं काम काय? मी ओरडले म्हणा. पण बादलीचा आवाज तिला कोणी लाथ मारली तरच निघतो, आणि त्या संध्याकाळी ज्याचा त्याचा पाय दुसऱ्याच कामात होता. सातवं दाभण खाली सांडलेल्या रुईत पडलं होतं. ती रुई झाडून ढिगाला लागली. झाडलेली रुई आम्ही फेकत नाही, पुन्हा पिंजतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता ती मशीनमध्ये गेली.

आवाज बारीक झाला. टिंग. लोखंडाचे दात लोखंडाला लागले, एक ठिणगी उडाली. पुढचं मी नीट सांगते, कारण इथं वाढवून सांगण्यासारखं काही नाही. कापसाची आग चढत नाही, धावते. मशीनवरून भिंतीवर, भिंतीवरून पंख्यावर, एका श्वासात.

"बाहेर!" जरीनाबाई दारातल्या शिलाई मशीनवरून ओरडल्या. पळत आल्या, मला उचललं आणि सगळी वाळू मशीनवर फेकली. कोथिंबीर, मांजराचा ठेवा, सहा दाभणं, सगळं गेलं. एक दाभण गफ्फारभाऊंच्या मांडीत घुसलं. भडका बसला.

"विझली!" मांडी धरून गफ्फारभाऊ म्हणाले.

मलाही तसंच वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझं नाव शोभलं होतं. तेवढ्यात देवरावभाऊ दारात आले, हातात कडुनिंबाची डहाळी.

"वरून विझली, भाऊ. आतून नाई. बुंध्यात लपलेली आग मी तीन तीन दिवसांनी उठताना पाह्यली. पाहा तिकडं."

मोठ्या ढिगाच्या पोटातून धूर येत होता. जाळ नाही, नुसता धूर, पिवळट, जाड. तो हळूहळू जिन्याकडं वळला आणि वर चढू लागला. वर आफ्रीन होती आणि दादी होती. आणि जिन्याच्या पायथ्याशी चौदा गाद्या.

जरीनाबाईंनी पहिली गादी उचलून रस्त्यावर फेकली. लोकांच्या आंदणाच्या गाद्या, कोऱ्या खोळीच्या, धुळीत. गफ्फारभाऊंनी एक क्षण बघितलं, मग तेही फेकू लागले. शकुबाई आली, देवरावभाऊ होतेच. मला कोणीतरी उंबऱ्याजवळ टाकलं होतं, तिथून जिना सरळ दिसत होता, निम्म्यापर्यंत. पुढं धूर.

वरून आफ्रीनचा आवाज आला. "अब्बा! गादी कुठी हाय? खुंटीवर नाई!"

गफ्फारभाऊंच्या हातातली गादी हातातच राहिली.  जरीनाबाईंनी सांगितलं, "देली, बेटा. रंजीताले देली!"

 वरून खोकला आला, आणि खोकल्यातून दादी.

"माझ्या खालची काढ."

"दादी, ते दादाची..." दादा म्हणजे आफ्रीनचे आजोबा, गफ्फारभाऊंचे वडील.

"तुझ्या दादानं भरली, मले मालूम हाय. चाळीस वर्सं कोनाले बसू देली नाई. ना पिंजू देली. आता मीच बसन. ओढ!"

त्या गादीला पट्टे नव्हते. आफ्रीननं ओढणीनं दादीला बांधलं असावं. मला दिसलं ते एवढंच, की धुरातून आधी गादीचा कोपरा आला, मग आफ्रीनची पाठ, मग दादी, तोंडावर पदर, दोन्ही हातांनी कड धरलेली. सहाव्या पायरीवर जुनी शिवण उसवली. चाळीस वर्षांचा कापूस पायरीपायरीवर सांडत आला. खाली गाद्या हटल्या होत्या, लाल रेघा उघड्या पडल्या होत्या. त्या तीन फुटांच्या पट्ट्यातून दादी थेट माझ्यावरून बाहेर गेली. माझी कडी तुटली ती तेव्हा.

हापशीजवळ आफ्रीननं गिनती केली. चार. तिनं पुन्हा केली. चारच. तेव्हा मागं आवाज झाला आणि दुकान पेटलं, खरंखुरं.

"मशीन!" गफ्फारभाऊ म्हणाले आणि धावले.

ते धावले तसे खाली पडले. जमिनीवर बसलेल्या दादीनं त्यांचा पाय धरला होता. गुडघे गेले तरी पिंजाऱ्याच्या घरच्या बाईची मूठ जात नाही.

"गिनती झाली," दादी म्हणाली.

"अम्मा, सोड. मशीन गेली तर खाऊ काय?"

"गिनती झाली गफ्फार. आता मागं वळशील, तर खोळीत घालून शिवीन तुले."

हाच नियम, ज्याला ती सहा महिने हसत होती. गफ्फारभाऊ तिथंच धुळीत बसले, मांडीत दाभण तसंच. मग त्यांनी आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि दुकान जळताना बघत राहिले. दादीनं त्यांच्या भुवयांवरचा कापूस काढला.

बंब आला, पाणी मारलं. खालचं दुकान गेलं, जिना गेला, वरच्या खोल्या काळ्या होऊन राहिल्या. मशीन गेली. मी उंबऱ्यावर होते म्हणून अर्धी वाचले. प्लॅस्टिकची बादली आगीसाठी ठेवणं म्हणजे मेणाच्या माणसाला स्वयंपाकाला लावणं. पण ते मी आता सांगतेय, तेव्हा मलाही सुचलं नव्हतं. माझं तोंड एका बाजूनं वितळून खाली ओघळलंय. 'आग' मात्र जसंच्या तसं आहे.

तिसऱ्या दिवशी देवरावभाऊंनी जुन्या स्पीकरचं चुंबक आणून राख चाळली. पाच दाभणं मिळाली. सहावं गफ्फारभाऊंच्या मांडीतून दवाखान्यात निघालं होतं. आणि मशीनच्या दातांत अडकलेलं सातवं, काळं, मधे वाकलेलं. देवरावभाऊंनी ते गफ्फारभाऊंच्या हातावर ठेवलं. गफ्फारभाऊंना कळलं. त्या संध्याकाळी वरून दादीनं काय विचारलं होतं आणि त्यांनी काय सांगितलं होतं, ते त्यांना आठवलं. ते आईसमोर जाऊन उभे राहिले.

"अम्मा, त्या दिवशी सहा होते. मी न मोजता सात सांगलो."

दादीनं ते काळं दाभण उचलून पाहिलं आणि पुन्हा त्यांच्या मुठीत दिलं.

"मोज," ती म्हणाली.

आता आम्ही टिनाच्या शेडमध्ये आहोत. शकुबाईनं रंजीताच्या सासरी निरोप धाडला होता, गादी परत पाठवा म्हणून. दादीनं आंदण परत घ्यायला साफ नकार दिला. तिनं उसवलेल्या गादीत उरलेला, हापशीपर्यंत सांडत आलेला आजोबांचा कापूस गोळा करवला आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "पिंज." मशीन नाही, म्हणून गफ्फारभाऊंनी वडिलांची हातानं कापूस पिंजायची धनुकली काढली. आधी मूठमूठ कापूस हातानं चाचपायचा, मग तार वाजवायची. त्याची लांबट गादी झाली, पट्टे दुहेरी टाक्यांचे. ती शेडच्या खुंटीला आहे आणि विकायची नाही, असं खडूनं लिहून ठेवलंय.

शेडला जिना नाही. तरी दर जुम्म्याला दादीला घसरायचं असतं. देवरावभाऊंनी फळीला विटा लावून उतार करून दिलाय. "तालीम हाय," ती गंभीरपणे सांगते. गेल्या जुम्म्याला शकुबाईही तालीम करून गेली.

माझं तोंड वाकडं आहे, आणि आता वाळू फक्त निम्म्यापर्यंत मावते. आगीसाठी आफ्रीननं पत्र्याची बादली आणलीय, आणि ते बरोबर आहे. माझ्यात सात दाभणं असतात, सहा घासून पुन्हा लखलखीत, एक काळं. कोथिंबीर मात्र पुन्हा उगवली, तिला कोणी लावली नाही.

मी तुम्हाला काय सांगणार? तुमच्याही घरात कोपऱ्यात काहीतरी बसलेलं असेल, लाल किंवा बिनरंगाचं, ज्याला सगळं ठाऊक आहे आणि ज्याला आवाज नाही. त्याला अधूनमधून लाथ मारा. काय वाजतं ते ऐका.

बघा, संध्याकाळ झाली. शटर नाही, तरी गफ्फारभाऊ माझ्यासमोर उकिडवे बसलेत. एकेका दाभणाला बोट लावतायत, काळ्याला जरा जास्त वेळ.

"किती?" आतून दादी विचारते.

"थांब अम्मा," ते म्हणतात. "मोजून राह्यलो."